पान चौदा हजार दोनशे सहा

शोधबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळीकडे त्या शोधबाई. ग्रंथालयाच्या मुख्य कचेरीतल्या संगणक विभागात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. चौसष्ट शाखांमधल्या पुस्तकांची एक सामायिक यादी वेबसाइटवर होती, आणि त्या यादीच्या डोक्यावरचा 'शोधा' हा चौकोन त्यांच्या ताब्यात होता. चौकोनात शब्द टाकायचा, बटण दाबायचं, खाली पंचवीस पुस्तकं येतात आणि तळाशी आकडे: एक, दोन, तीन, पुढे. एवढ्याशा गोष्टीला अख्खं माणूस कशाला लागतं, असं त्यांच्या नणंदेला वाटे. वहिनी पुस्तकांवर शिक्के मारते, अशी नणंदेची पक्की समजूत होती. शोधबाईंनी ती दोनदा दुरुस्त करून पाहिली आणि मग नाद सोडला. शिक्क्यांबद्दल निदान कुणी पुढचे प्रश्न तरी विचारत नाही.

त्यांचं टेबल तळघरात, पुस्तकबांधणीचा विभाग बंद झाला त्या खोलीत होतं. भिंतींना अजून खळीचा वास यायचा. कोपऱ्यात काचेच्या दारामागे सर्व्हर घरघरत असे, आणि त्याच्या वरच्या फळीवर कुणीतरी वर्षानुवर्षं विसरलेली छत्री होती. ती कुणाची हे माहीत नसल्यामुळे तिला हलवण्याचा अधिकारही कुणाला नव्हता. बाई स्वतः त्याच जातकुळीतल्या होत्या. कामात तरबेज, पण कागदावर सही झाल्याशिवाय बोट उचलायचं नाही. याला त्या शिस्त म्हणत.

या सर्व्हरची एक तऱ्हा होती. रोज अकरा वाजले की त्याच्या अंगात यायचं. साडेदहाला चटकन उघडणारी पानं अकरानंतर अर्धा-पाऊण मिनिट घ्यायची, शाखांमधले पडदे पांढरे होऊन बसायचे, आणि एक वाजला की सगळं आपोआप ताळ्यावर यायचं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मात्र त्रास नाही. पहिले काही महिने शाखांमधून फोन येत. मग फोन कमी झाले. बाईंना वाटलं, लोकांना सवय झाली. सवय झालीच होती, पण वेगळी. चौसष्ट शाखांमधल्या ग्रंथपालांनी अकराला चहा ठेवायला सुरुवात केली होती. वाचक काउंटरवर आला तर 'यंत्र बसलंय' म्हणून सांगायचं आणि आतल्या खोलीत जायचं. एक-दोन शाखांत तर बिस्किटांची पाळीही लागली होती.

संचालकांनी बैठक घेतली. संचालक गृहस्थ चांगले, आवाज भारदस्त, आणि एखादं वाक्य एकदा आवडलं की ते जन्मभर वापरणारे. त्यांचं त्या वर्षीचं वाक्य होतं, "तिसऱ्या पानापुढे माणूस जात नाही." हे त्यांनी कुठल्याशा परिषदेत ऐकलं होतं. माणूस पहिलं पान बघतो, फार तर दुसरं, आणि मग शब्द बदलतो. तेव्हा पानांमध्ये दोष असूच शकत नाही, यंत्रच म्हातारं झालंय, असा त्यांनी निष्कर्ष काढला. नवा सर्व्हर आला. त्याचं फीत कापून उद्घाटन झालं. चाळीस सेकंद लागत होते तिथे एकतीस लागू लागले. वार्षिक अहवालात ही प्रगती आलेखासह छापून आली.

खरा दोष बाईंना ठाऊक होता. तीन वर्षांपूर्वीच त्यांनी तो टिपणीत लिहून वर पाठवला होता. दहाव्या पानावरची पंचवीस पुस्तकं दाखवायची तर आपलं यंत्र थेट दहाव्या पानावर जात नाही. ते पहिल्या पुस्तकापासून मोजायला बसतं, दोनशे पंचवीस पुस्तकं मोजून बाजूला टाकतं आणि मग पुढची पंचवीस हातात देतं. पुढचं पान मागितलं की केलेलं सगळं विसरून पुन्हा एकपासून. जितकं खोल जाल तितकं जास्त मोजायचं आणि जास्त फेकायचं. यावर उपाय असा, की शेवटी कुठलं पुस्तक दाखवलं एवढंच लक्षात ठेवायचं, इंडेक्स, म्हणजे आधीच क्रमानं लावून ठेवलेली सूची, वापरून थेट त्याच्यापाशी जायचं आणि तिथून पुढची पंचवीस उचलायची. टिपणी दोन पानांची होती. पहिल्या पानावर विषय, संदर्भ आणि नम्र निवेदन होतं, उपाय दुसऱ्यावर होता. संचालकांचा 'पाहिले' असा शेरा पहिल्या पानावर होता.

नव्या सर्व्हरवरही अकराचं नाटक चालूच राहिलं, तेव्हा कुणीतरी बाईंना म्हणालं की एकदा लॉग तरी तपासा. लॉग म्हणजे कोणी कधी काय मागितलं याची यंत्रानं स्वतः ठेवलेली नोंद. बाईंनी ती उघडली आणि खुर्ची पुढे ओढली. रोज अकरा ते एक या वेळात एकच सभासद रिकाम्या चौकोनानं शोध घेत होता, म्हणजे सगळीच्या सगळी नऊ लाख पुस्तकं मागत होता, आणि 'पुढे, पुढे, पुढे' करत चालला होता. त्या दिवशी तो चौदा हजार दोनशे सहाव्या पानावर होता. म्हणजे दर क्लिकला यंत्र साडेतीन लाखांवर पुस्तकं मोजून फेकत होतं, आणि चौसष्ट शाखा त्यामागे रांगेत उभ्या होत्या.

संचालकांना हे सांगितल्यावर ते आधी हबकले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. तिसऱ्या पानापुढे माणूस जात नाही. हा चौदा हजाराव्यावर आहे. तेव्हा हा माणूस नाही. हे कुठलंतरी यंत्र आपली यादी चोरतंय, असं त्यांनी जाहीर केलं. आपल्याकडे चोरण्यासारखं काही आहे ही भावना त्यांना नवीन होती आणि बरी वाटली असावी. त्यांनी लगेच सही करून आदेश दिला की शंभराव्या पानापुढे कुणालाही जाता येऊ नये. सही होती, त्यामुळे बाईंनी दहा मिनिटांत ते काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला चौदा हजारांवरचं ते यंत्र स्वतःच्या पायांनी जिना उतरून तळघराच्या दारात आलं. सत्तरीच्या आसपासचे, ताठ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत फुलस्केप आकाराच्या चार वह्या.

"शोध तुमच्याकडे आहे का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. आधी त्यांनी आपली ओळख करून दिली: वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी, चौतीस वर्षं, आता निवृत्त. त्या नोकरीत बाजारातला असा तराजू नव्हता की ज्याला त्यांनी हात लावला नाही, आणि 'चालतंय की साहेब' हे वाक्य त्यांनी एकदाही ऐकून घेतलं नव्हतं. निवृत्तीनंतर वाचायचं ठरवलं. शाखेत गेले, ग्रंथपाल मुलीनं विचारलं की काका, काय वाचणार. त्यांना तो प्रश्नच बेजबाबदार वाटला. काय काय आहे हे बघितल्याशिवाय काय वाचायचं हे माणूस कसं ठरवणार? म्हणून दहा महिन्यांपूर्वी ते वाचनालयातल्या संगणकापुढे बसले आणि त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. रोज दोन तास. बरं वाटलेलं पुस्तक वहीत उतरवायचं, समोर पान क्रमांक आणि तारीख लिहायची.

"छत्तीस हजार पानं आहेत. मी हिशेब केलाय, होतात," ते म्हणाले. "काल तुम्ही मला शंभरावर आणून सोडलंत."

बाईंनी दिलगिरी व्यक्त केली, पण त्यांना हसू आवरत नव्हतं आणि लाजही वाटत होती. ती लाज पुढे वाढणार होती, कारण काकांनी वह्या उघडल्या. आपण तक्रार घेऊन आलोय ती शंभर पानांची नाहीच, ती किरकोळ, असं सांगून त्यांनी लाल शाईतल्या खुणा दाखवायला सुरुवात केली. रोज काल जिथे थांबलो त्याच्या पुढच्या पानावर जावं, तर काल वाचलेलीच पुस्तकं पुन्हा समोर येतात. त्यांनी आधी मानलं की ग्रंथालयाकडे जादा प्रती आहेत. मग दाखल क्रमांक ताडून पाहिले, तर तीच प्रत. शिवाय काही ठिकाणी, दोन मिनिटांपूर्वी आठशे बाराव्या पानावर असलेलं पुस्तक आठशे तेराव्यावरही होतं; म्हणजे त्याच्या जागी असायला हवं ते दुसरं कुठलं तरी पुस्तक कुठेच नव्हतं. अशा दोनशे सतरा नोंदी होत्या. प्रत्येकीला तारीख आणि वेळ.

एकोणीस वर्षांत बाईंचं काम इतक्या बारकाईनं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं ते असं. यादी नव्याकडून जुन्याकडे लागते. रोज सकाळी नवी पुस्तकं दाखल झाली की ती डोक्यावर बसतात आणि खालचं सगळं पुढच्या पानांवर ढकललं जातं. आणि एखाद्या शाखेचा अख्खा संग्रह एकाच दिवशी दाखल झालेला असला, की त्या हजारो पुस्तकांची तारीख एकच. त्यांच्यात आधी कोण आणि मागून कोण, हे यंत्राला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते दर वेळी मनाला येईल तसा क्रम लावत होतं. हे सांगायचं काम बाईंचं होतं. ते राहून गेलं होतं.

त्या संध्याकाळी बाईंनी घरी जेवताना सगळी गोष्ट सांगितली. त्यांचा नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. कमी बोलणारा माणूस, आणि समोरच्याचं बोलणंही नंबर काढावा तसं ऐकणारा. मुलगी हसत सुटली. तिला ते काका फार आवडले. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की हे दुरुस्त करायला किती वेळ लागेल.

"एक दुपार," बाई म्हणाल्या.

"मग तीन वर्षं कशाला लावलीस?"

बाई म्हणाल्या की वरून मंजुरी नव्हती. नवऱ्यानं मान हलवली आणि आमटी वाढून घेतली. त्यानं आणखी काही म्हटलं असतं तर बाईंना भांडता आलं असतं. तो काहीच बोलला नाही, म्हणून त्यांना स्वतःशीच भांडत बसावं लागलं. टिपणी पाठवली होती हे खरं. पण पाठवल्यावर त्यांना जो निवांतपणा आला होता, तोही त्यांना आठवला. आता चूक वरच्यांची, असं वाटून त्या तीन वर्षं सुखानं झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कुणाचीही सही नसताना, त्यांनी काम सुरू केलं. दाखल तारीख आणि दाखल क्रमांक या दोन्हींचा मिळून एक इंडेक्स केला. तारीख सारखी असली तर क्रमांकानं निकाल लागेल. पान मागवताना आता 'इतकी सोडून पुढची द्या' असं म्हणायचं नव्हतं, 'या पुस्तकाच्या नंतरची पंचवीस द्या' एवढंच म्हणायचं होतं. साडेतीनला काम झालं. त्यांनी काकांच्या चौदा हजारांवरच्या पानाइतकं खोल जाऊन पाहिलं. एकतीस सेकंदांचं पान डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर आलं. बाईंनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. कौतुकाला कुणी नव्हतं. मग त्यांनी शंभर पानांची मर्यादाही काढून टाकली. एकदा बिनसहीची सवय लागली की हात थांबत नाही.

पुढच्या आठवड्यात पहिली तक्रार शाखांकडून आली. अकराला यंत्र चालतं, वाचक समोर उभे राहतात, चहाला वेळ मिळत नाही. ती कुणी लेखी केली नाही, पण फोनवरचा सूर स्पष्ट होता.

दुसरी तक्रार घेऊन काका आले. वेग पाहून ते खूश होते, पण तळाचे आकडे कुठे गेले? आता तिथे फक्त 'मागे' आणि 'पुढे' होतं. बाईंनी समजावलं की ही पद्धत मोजत नाही, म्हणून तिला पान कितवं ते ठाऊकच नसतं. तिला फक्त शेवटचं पुस्तक ठाऊक असतं. तुम्ही वहीत पान क्रमांकाऐवजी दाखल क्रमांक लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढूनच सुरू होईल, वर कितीही नवी पुस्तकं येऊ देत. काकांनी पहिली वही उघडून मागची पानं चाळली. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे पाचशेवं पान मी पाहिलं त्या दिवशीचं पाचशेवं, आणि आजचं पाचशेवं, एक नव्हे?"

"नाही. रोज सरकत होतं."

चौतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासलेल्या माणसानं दहा महिने खोट्या मापानं मोजलं होतं. ते आता बसले. बाईंनी पाणी दिलं. त्यांनी चारही वह्या मिटल्या, एकावर एक नीट रचल्या आणि सांगितलं की हे सगळं रद्द. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. बाईंनी परोपरीनं विनवलं की काका, थोडीफार पुस्तकं इकडची तिकडे झाली असतील, चालतं हो तेवढं. हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना वाटलं की जीभ चावावी. काकांनी सोमवारी नव्या वहीनं सुरुवात केली.

इकडे वर वेगळाच घोळ झाला. लोक वेबसाइटवर किती वेळ घालवतात याचा आलेख दर तिमाहीला नियामक मंडळापुढे जायचा. सर्व्हर जितका रडत असे तितका आलेख वर चढे, कारण पडद्याकडे बघत थांबलेला माणूसही वेळ घालवतच असतो. दुरुस्तीनंतर आलेख निम्म्यावर कोसळला. मंडळानं विचारलं की वाचकांची आवड कशामुळे ओसरली. संचालक तळघरात उतरले, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि बाईंनी जे केलं होतं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी खिशातून दोन पत्रं काढली. दोन वेगवेगळ्या वाचकांनी लिहिलं होतं की हल्ली शोधल्याबरोबर उत्तर येतं, तेव्हा तुम्ही खरंच सगळीकडे शोधता का, याबद्दल शंका आहे.

"थोडं फिरवा ना काहीतरी," संचालक म्हणाले. "गोल चक्र वगैरे. दोन सेकंद. लोकांना काम झाल्यासारखं वाटलं पाहिजे."

सही त्यांनी उभ्या उभ्या दिली. बाईंनी चक्र बसवलं. मागे उत्तर तयार असे आणि पुढे चक्र दोन सेकंद गंभीरपणे फिरत राही. पत्रं थांबली. आलेख थोडा सावरला. संचालकांनी बाईंच्या फायलीत लेखी शाबासकी घातली. त्यांच्या नोकरीतली ती पहिलीच, आणि त्यांनी मुलीला ती दाखवली तेव्हा मुलीनं विचारलं की आई, हे नक्की कशाबद्दल आहे.

एक गोष्ट मात्र बाईंनी कुणाला न सांगता केली होती. काकांच्या सभासद क्रमांकाला त्यांनी चक्रातून वगळलं होतं. रोज दोनशे पानं उलटणाऱ्या माणसाची पावणेसात मिनिटं नुसती चक्र बघण्यात जावीत, हे त्यांना बघवेना. पंधरा दिवसांत काका दारात. वाचनालयात शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला दोन सेकंद लागतात आणि आपल्याला काहीच नाही, असं त्यांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. बाईंनी सगळं खरं खरं सांगितलं. त्यांना वाटलं, काका निदान एकदा हसतील.

"एकाच दुकानात दोन गिऱ्हाइकांना दोन वजनं," काका म्हणाले. "यासाठी मी लोकांची दुकानं बंद केलीत, बाई."

चक्र सगळ्यांचं काढणं बाईंच्या हातात नव्हतं, निदान त्यांना तसं वाटलं. त्यांनी काकांची सूट काढली. त्यानंतर काकाही सगळ्यांसारखे दर पानाला दोन सेकंद थांबू लागले आणि समाधानानं पुढे जाऊ लागले.

नव्या वहीच्या आठव्या महिन्यात छत्तीस हजार पानं संपली. नऊ लाख पुस्तकांमधून काकांनी आपल्या वाचण्यासारखी म्हणून अकरा निवडली होती. ही यादी घेऊन ते शाखेत गेले. नऊ गहाळ होती. यादीत होती, कपाटात नव्हती. दहावं चुकीच्या भाषेखाली नोंदलं गेलं होतं आणि त्याची खरी भाषा काकांना येत नव्हती. अकरावं मिळालं. ते त्यांनी घरी नेलं, आठवड्यात वाचलं, आणि परत करायला जाताना वाट वाकडी करून तळघरात आले.

बाईंनी विचारलं, कसं वाटलं. काकांनी थोडा विचार केला. बरं आहे, म्हणाले, पण छपाईच्या चुका फार. त्यांनी पेन्सिलनं खुणा केल्या होत्या, पुसता येतील अशा. मग बाईंनी विचारलं, आता काय करणार?

"मी यादी वाचत होतो तेवढ्या काळात वर नवी पुस्तकं दाखल झाली असतील ना?" काका म्हणाले. "ती बघायची राहिलीत."

बाईंनी यंत्रावर पाहून सांगितलं, आठ हजार चारशे. काकांनी आकडा वहीत लिहून घेतला, बाईंकडून तारीख विचारून ती शेजारी घातली, आणि जिना चढून गेले.